तिसावी खुर्ची

सोमवार, २ मार्च

नऊला फॉर्म उघडला, नऊ एकेचाळीसला तीस जागा भरल्या. एकेचाळीस मिनिटांत! काटेकोर म्हणत होता, दोन आठवडे लागतील. शेजारच्या टेबलावरचा हा आमचा सहकारी. खरं नाव आता कोणी घेत नाही, काटेकोर म्हटलं की तोही ओ देतो.

तीस खुर्च्या, तीस प्लग, एक दिवस, सगळं फुकट. शनिवार, चौदा तारीख. ग्रंथालयाचा दुसऱ्या मजल्यावरचा हॉल. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना टेस्ट लिहायला शिकवायच्या – म्हणजे आपण लिहिलेल्याची आपणच उलटतपासणी घ्यायची. कामावर हे कोणी शिकवत नाही. चुकलं की ओरडतात फक्त. शिकवायला आमच्या जुन्या मॅडम येणार आहेत, स्वतःच्या खर्चानं.

नियम एकच: जो आधी फॉर्म भरेल त्याला जागा. हा नियम माझा. काटेकोरला अनुभव बघून निवड करायची होती. मी भांडले. म्हटलं, मग तेच ते लोक येतील, ज्यांना सगळीकडेच दारं उघडी असतात. तो म्हणाला, "चालेल. पण मग नियम म्हणजे नियम." मी म्हटलं, अर्थात.

आज खूप बरं वाटतंय. स्वतःबद्दलसुद्धा.

मंगळवार, ३ मार्च

ऑफिसातून परस्पर दादाकडे गेले. भाचीच्या दप्तराची चेन दुरुस्त करत बसला होता. चौदा महिने घरी आहे. त्या घरात बिघडलेली एकही वस्तू आता उरलेली नाही.

एकोणीस वर्षं एकाच कंपनीत, एकाच भाषेत प्रोग्रॅम लिहिले. त्या भाषेत आता कोणी लिहीत नाही. मागे एका मुलाखतीत पोरगेल्या साहेबानं विचारलं म्हणे, "सर, तुम्ही टेस्ट लिहिता का?" दादा म्हणाला, "आम्ही चुका करत नव्हतो." हे त्यानं मला हसत सांगितलं होतं. वहिनी तेव्हा उठून आत गेली होती.

आज मी विषय काढला. शनिवारी एक दिवस ये, म्हटलं. चांगलं शिकवणार आहेत.

"मी बसू शिकायला? तुझ्या वर्गात?"

"वर्ग माझा नाही. मी फक्त खुर्च्या मांडणार."

"यादी भरली असेल ना."

"एक जागा रिकामी होतेय," मी म्हणाले.

का म्हणाले? जिभेला हाड नाही म्हणून. त्याचा नकार समोर दिसत होता आणि त्याच्या हातातलं सगळ्यात सोपं कारण मला काढून घ्यायचं होतं.

तो बराच वेळ चेन वरखाली करत राहिला. मग म्हणाला, "बघू, चिंगे." दादाचं 'बघू' म्हणजे हो. मी अकरावीत असताना घरी पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा मला प्रोग्रॅम लिहायला शिकवशील का विचारलं, तर 'बघू' म्हणाला होता. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी स्टूल ओढून शेजारी बसायचा. वर्षभर.

आज मी जे काही आहे ते त्या स्टुलामुळे.

गुरुवार, ५ मार्च

केलं.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर यादी उघडली. कोणाला काढता येईल ते बघत खाली खाली गेले. हे लिहितानाही कसंतरी होतंय – बघत गेले. बाजारात भाजी चाचपतात तसं. हा मोठ्या कंपनीतला, हा तक्रार करेल. ही काटेकोरच्या ओळखीची. ह्याचा फोन नंबर आहे, विचारेल.

मग परत वर आले आणि तिसऱ्या ओळीवर थांबले. एक बाई. वेळ नऊ वाजून चार मिनिटं. कंपनीचा रकाना रिकामा. अनुभवाच्या रकान्यात लिहिलेलं: 'हॉस्पिटलमध्ये केसपेपरच्या खिडकीवर काम करते. दोन वर्षं घरी शिकते आहे. आमच्या खिडकीच्या ड्युट्या लावायचा एक प्रोग्रॅम लिहिला, तो सगळे वापरतात. पण मधूनच चुकतो. का ते कळत नाही.'

मी मनात म्हटलं, हौस आहे. हिचं काही अडणार नाही.

मेल लिहिला – 'तांत्रिक कारणामुळे आपला फॉर्म मुदतीनंतर पोचल्याचे आढळले. क्षमस्व.' तांत्रिक कारण म्हणजे मी. मग तिच्या ओळीत दादाचं नाव घातलं. चार मिनिटं लागली असतील. जेवायला गेले, डबा संपला नाही.

शुक्रवार, ६ मार्च

तिचं उत्तर आलं. 'ठीक आहे. सरावासाठी पाठवलेला प्रोग्रॅम ठेवून घेतला तर चालेल का?'

चालेल, म्हणून कळवलं. कोण मोठी मी!

रविवार, ८ मार्च

आईला सांगितलं, दादा येणार आहे. आई भांडी पुसत होती, पुसता पुसता थांबली. "तू केलंस ना सगळं?" म्हणाली. "असंच धरून ठेव त्याला. स्वतःहून नाही यायचा तो."

आईच्या चेहऱ्याकडे बघून वाटलं, बरोबर केलं मी. अर्धा तास तसं वाटलं.

बुधवार, ११ मार्च

संध्याकाळी तयारीची मीटिंग. काटेकोरनं यादी मोठ्यानं वाचली. दादाच्या नावाशी थांबला. आमचं आडनाव वेगळं – माझं लग्नात बदललं, लग्न मोडल्यावर परत बदलायचं राहून गेलं – त्यामुळे त्याला काही कळलं नाही. "एकोणीस वर्षं अनुभव? आणि ह्या दिवसाला येतोय? कोण आहे हा?"

दुसरा कोणीतरी म्हणाला, "असेल एखादं जुनं खोड. टाकलं असेल कंपनीनं."

सगळे हसले. मीही हसले.

हसण्याची गरज नव्हती. गप्प बसता आलं असतं. मी हसले, वर म्हणाले, "येऊ दे ना, कोपऱ्यात बसेल बिचारा."

घरी येताना दोन थांबे आधीच उतरून चालत आले. ज्याच्यासाठी दुसरीला बाहेर काढलं, त्यालाच ओळख दाखवली नाही. एकाच यादीत दोन पापं.

शुक्रवार, १३ मार्च

दादाचा फोन. लॅपटॉप आणायचा का, चार्जर आणायचा का, वही चालेल का. सरावाचा प्रोग्रॅम उतरवून घेतलाय म्हणाला. लिफ्टचा आहे, त्यात तीन चुका मुद्दाम ठेवल्या आहेत. "दोन सापडल्या मला," म्हणाला. आवाज हलका होता. असा आवाज किती दिवसांनी ऐकला.

वाटलं, चुलीत गेला नियम.

शनिवार, १४ मार्च

संध्याकाळचे सात. पाय दुखतायत. क्रमानं लिहिते, नाहीतर मनातल्या मनात मी ते हळूहळू स्वतःला सोयीचं करून घेईन.

साडेआठला हॉल उघडला. टेबलं लावली, वायरी पसरल्या, चिकटपट्टीनं जमिनीला चिकटवल्या. नऊ दहाला दादाचा मेसेज – 'निघालो'. मी दाराजवळची, भिंतीच्या कडेची खुर्ची त्याच्यासाठी ठेवली. तिथे तो कोणाच्या नजरेत येणार नाही. हे त्याच्या सोयीसाठी की माझ्या, ते मला विचारू नये.

साडेनऊपासून लोक यायला लागले. माझं नोंदणीचं टेबल जिन्याच्या तोंडाशी होतं. पावणेदहाच्या सुमाराला एक बाई वर आल्या. माझ्याच वयाच्या असतील. गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र तसंच. रात्रपाळी करून सरळ आल्या होत्या. खांद्यावर जुना जाडजूड लॅपटॉप, चार्जरच्या वायरीला दोन ठिकाणी पट्टी गुंडाळलेली.

त्यांनी नाव सांगण्याआधीच मला कळलं.

"माझं नाव नाहीये, माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "पण कोणी आलं नाही तर बसू द्याल का? मागे बसेन. उभीसुद्धा राहीन."

"यादी भरलेली आहे."

"हो, ते आलं लक्षात. फक्त एक विचारायचं होतं. माझा फॉर्म उशिरा पोचला म्हणालात. पण मला तुमच्याकडूनच पोच आलीय, नऊ वाजून चार मिनिटांची." फोन पुढे केला. भांडणाचा सूर नव्हता. खरंच विचारत होत्या. आपलं काय चुकलं ते समजून घ्यायला.

मी फोनकडे पाहिलं नाही. म्हटलं, "पोच आपोआप जाते. सिस्टिमची वेळ वेगळी असते."

त्यांनी फोन खाली घेतला.

मग म्हणाल्या, "असेल. खिडकीवर मीही लोकांना हेच सांगते."

कानशिलं तापली माझी. मागे रांगेत दोघं उभे होते, त्यांनी ऐकलं का बघितलं. बघा, तेव्हाही मी हे बघितलं!

"खाली थांबा," मी म्हणाले. "साडेदहापर्यंत कोणी आलं नाही तर बोलावते."

"नक्की ना?"

"नक्की."

त्या जिना उतरून गेल्या. लॅपटॉपची पिशवी कठड्याला आपटत गेल्याचा आवाज येत होता.

दहाला मॅडमनी सुरुवात केली. एकोणतीस जण आत. दादा नाही. सव्वादहाला फोन केला, उचलला नाही. साडेदहाला पुन्हा. बंद. बस चुकली असेल. येईल. आता येईल. त्याला जिना चढून यावं आणि आपल्या खुर्चीत दुसरं कोणी बसलेलं दिसावं, असं नको होतं मला. उलट्या पावली गेला असता तो, आणि मग परत कधी आला नसता. म्हणून खुर्चीवर माझी पर्स ठेवली. अकरापर्यंत ठेवली. मग सव्वाअकरापर्यंत.

अकरा वीसला खाली गेले. फाटकाजवळच्या बाकावर कोणी नाही. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी दोन म्हातारे. बाहेर रस्त्यावर बघितलं. नाही. एक तास पस्तीस मिनिटं कोण थांबतं?

वर आले. दिवसभर ती खुर्ची रिकामी. मॅडम फार सुंदर शिकवत होत्या. मध्ये म्हणाल्या, "टेस्ट लिहिणं म्हणजे कबूल करणं की मी चुकू शकतो." सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मी भिंतीशी उभी.

पाचला संपलं. टाळ्या, फोटो. फोटोत मी कडेला आहे, हसतेय.

रविवार, १५ मार्च

काल जे झालं ते कमी होतं म्हणून आज हे.

सकाळीच दादाकडे गेले. वहिनीनं दार उघडलं. "काल कसा झाला कार्यक्रम? ह्यांनी तर काही सांगितलंच नाही. इस्त्रीचा चौकड्यांचा शर्ट घालून गेले, साडेपाचला आले, जेवले नि झोपले."

म्हणजे घरी खोटं. दिवसभर बाहेर. मला बातम्यांमधल्या त्या माणसांची आठवण झाली, नोकरी गेल्यावरही रोज डबा घेऊन निघतात आणि बागेत बसून राहतात. राग आला. दादाची काळजी वाटायला हवी होती. राग आला.

तो गॅलरीत होता. मी वहिनीसमोरच सुरू केलं. भाची अभ्यास करत होती, तिच्यासमोर.

"कुठे होतास काल?"

"होतो."

"फोन का बंद ठेवलास?"

त्यानं दोरीवरचा टॉवेल सरळ केला.

"मी दिवसभर खुर्ची अडवून बसले तुझ्यासाठी. एका बाईला दारातून परत पाठवलं. रात्रपाळी करून आली होती ती. आणि तू? रोज असाच फिरतोस का? घरच्यांना सांगून निघायचं नि कुठेतरी बाकावर बसायचं?"

वहिनीनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

दादा हळूच म्हणाला, "जागा रिकामी होतेय म्हणाली होतीस तू."

"होत नव्हती. केली. तुझ्यासाठी केली मी! तिचं नाव काढलं, तुझं घातलं."

तो माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता ओरडेल. लहानपणी मी खोटं बोलले की ओरडायचा.

"मग मी नाही आलो तेच बरं ना," म्हणाला.

मला ते उद्धटपणाचं वाटलं. काय वाट्टेल ते बोलले. एकोणीस वर्षांची गुर्मी म्हणाले. शिकायची लाज वाटते म्हणाले. "सगळे हसत होते तुझ्या नावाला," हेसुद्धा म्हणाले. कोण कोण हसत होतं ते नाही सांगितलं.

भाचीनं पुस्तक मिटलं आणि आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं, आवाज न करता. मोठी माणसं लावतात तसं.

दादा म्हणाला, "चहा घेऊन जा."

घेतला नाही.

सोमवार, १६ मार्च

काटेकोरनं विचारलं, "ग्रंथालयाला आकडा कळवायचाय. तीसपैकी किती?"

"तीस."

हजेरीचा कागद माझ्याकडे होता. दादाच्या नावापुढे सही केली. शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही दादा करायचा. आता त्याची मी केली. घराण्याची कलाच आहे ही.

काटेकोरनं कागद घेतला आणि म्हणाला, "सगळे आले! तुझा नियम बरोबर होता बघ."

तोंड लपवायला बाथरूममध्ये गेले. आरशात बघितलं नाही.

गुरुवार, १९ मार्च

आईला दादाचा फोन आला होता. गुडघ्याचं विचारलं, औषधाचं विचारलं. शेवटी म्हणाला, "चिंगी बरी आहे ना? तिला म्हणावं, फार मनाला लावून घेऊ नकोस."

मी कशाला मनाला लावून घेऊ? असं आईला म्हणाले. मग खोलीत येऊन बसले.

त्याला शिव्या मी दिल्या आणि समजूत तो माझी काढतोय.

शनिवार, २१ मार्च

त्या बाईंना मेल लिहायला बसले. पहिला मसुदा: 'काही गैरसमज झाला असल्यास.' खोडला. दुसरा: 'यादीत झालेल्या गोंधळाबद्दल दिलगीर.' गोंधळ कुठे झाला? मी तर फार नीटनेटकं केलं सगळं. खोडला. तिसऱ्यात पुढच्या प्रशिक्षणाला पहिली जागा द्यायचं आश्वासन होतं. पुन्हा तेच! पुन्हा मीच जागा वाटणार, मागच्या दारानं. खोडला.

दादाला फोन लावला होता सकाळी. वहिनी म्हणाली, "बाहेर गेलेत. मागच्या शनिवारसारखेच सकाळी निघाले." मी काही विचारलं नाही. आता कुठल्या तोंडानं विचारू.

रविवार, २२ मार्च

काही नाही. दिवसभर कपाट आवरलं.

मंगळवार, २४ मार्च

काटेकोरला सांगितलं.

ठरवलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत दोघंच होतो. तो डब्याचं झाकण उघडत होता आणि मी एकदम म्हणाले, "तीस नव्हते. एकोणतीस." मग थांबता आलं नाही. नऊ चारचा फॉर्म, तांत्रिक कारण, जिन्यातलं बोलणं, पर्स, सही. आणि तो एकोणीस वर्षांवाला माझा सख्खा भाऊ आहे, हेही. ज्याच्या नावाला आपण हसलो.

त्यानं हातातलं झाकण खाली ठेवलं. डबा तसाच. मग ड्रॉवर उघडला, हजेरीचा कागद काढला, दादाच्या नावावर पट्टी ठेवून रेघ मारली. खाली तीसचे एकोणतीस केले, शेजारी स्वतःची छोटी सही. ग्रंथालयाला दुरुस्तीचा मेल टाकला. सगळं दोन मिनिटांत.

म्हटलं, "बोल काहीतरी. शिव्या दे."

"त्या बाईंना सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग मला कशाला सांगतेस? माझी खुर्ची नव्हती ती."

आणि जेवायला लागला. थोड्या वेळानं आपल्या डब्यातलं अर्धं माझ्याकडे सरकवलं. "भावाला हसलो ते मात्र वाईट झालं," म्हणाला. "ते माझ्या खात्यावर."

शुक्रवार, २७ मार्च

पाठवला. एकदाच लिहिला, वाचला नाही, पाठवला.

'तुमचा फॉर्म वेळेत आला होता. तिसरा होता. तांत्रिक कारण काही नव्हतं. माझ्या भावाची नोकरी गेली आहे, त्याला बसवायचं होतं म्हणून मी तुमचं नाव काढलं. तुमचंच का, तर तुम्ही तक्रार करणार नाही असं वाटलं म्हणून. जिन्यात तुम्ही विचारलंत तेव्हा तोंडावर खोटं बोलले. साडेदहाला बोलावते म्हणाले, बोलावलं नाही. भाऊ आलाच नाही, खुर्ची दिवसभर रिकामी होती. तुम्ही माफ करावं म्हणून हे लिहीत नाही. तुमचं काही चुकलं नव्हतं, एवढं तुम्हाला माहीत असावं.'

खाली पूर्ण नाव आणि फोन नंबर घातला.

दादाला अजून काही बोलले नाही. त्याच्यासाठी वाक्यच सापडत नाही. 'चहा घेऊन जा' म्हणणाऱ्या माणसाला काय लिहायचं?

रविवार, २९ मार्च

उत्तर नाही. बरोबर आहे.

सोमवार, ३० मार्च

आलं. सकाळी सातला. पाळी सुटल्यावर लिहिलं असेल.

'राग आला. पुढच्या वेळी फॉर्मची वेळ बघून जागा द्या. आमच्या खिडकीवरही ओळखीचे लोक आधी आत जातात, मला ते नवीन नाही. पण मी इतके दिवस सगळ्यांना तुमचं चांगलंच सांगत होते, कारण तुम्ही लगेच सरांना खाली पाठवलंत.'

कोण सर?

'चौकड्यांचा शर्ट, जाड चष्मा. आपलं बोलणं चाललं होतं तेव्हा ते खालच्या वळणावर जिन्यातच उभे होते. मी उतरले तर म्हणाले, वर जागा नाही, म्हणून त्या मॅडमनी मला तुमच्यासाठी खाली पाठवलंय. मला तेव्हा काय माहीत, माझं नाव तुम्हीच काढलंय! खाली, आतल्या बालविभागात बसलो, लहान मुलांच्या खुर्च्यांवर, पाच वाजेपर्यंत. लिफ्टच्या तिन्ही चुका काढल्या. मग माझा ड्युट्यांचा प्रोग्रॅम बघितला. तो का चुकतो ते कळलं. मागच्या दोन्ही शनिवारी आले. आता आमच्या लॅबमधल्या दोघीही येतात. सर म्हणतात, टेस्ट लिहिणं ते स्वतःही आत्ताच शिकतायत.

एक विनंती. तुमच्या भावाच्या जागेचं त्यांना कळू देऊ नका. तुमच्याबद्दल ते फार चांगलं बोलतात.'

मी दोन मजले वर, खुर्चीवर पर्स ठेवून उभी होते.

दादा आला होता.